पाहिलं म्हणजे पाहिलं

तिचा उजवा हात आपोआप मानेकडे गेला. तिथे काही नव्हतं. स्वेटरची कॉलर होती, कॉलरखाली सैल पडलेली कातडी होती, आणि पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं नि सपाट जमीन लागावी, तसं तिच्या बोटांचं झालं. ती क्षणभर तिथेच घोटाळली. मग तिने हात खाली घेतला, ट्रॉलीच्या दांड्यावर ठेवला आणि चोरट्यासारखं आजूबाजूला पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं. दुकानात दुपारची सुस्ती होती. छतातून कुठलीशी धून ठिबकत होती. सून दोन रांगा पलीकडे कपडे धुवायच्या साबणाच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचत उभी होती. ती वाचायला लागली की अर्ध्या तासाची निश्चिंती. आणि इथे, शांपूच्या बाटल्यांच्या फटीतून, फळीच्या पलीकडच्या अंगाला, आत्ताच एक हात येऊन गेला होता. बाईचा हात, शेवाळी रंगाची बाही. हाताने क्रीमची ट्यूब उचलली, जराशी तोलली, आणि ट्यूब बाहीत गेली. इतकंच. चेहरा दिसला नाही, पावलं ऐकू आली नाहीत. फटीत परत पलीकडचा पांढरा उजेड आला.

मानेवर टेप असायला हवी होती. कपडे मोजायची ती पिवळी टेप, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या, वापरून वापरून मऊ पडलेली. कापडाच्या त्या मोठ्या दुकानात प्रत्येक काउंटरवरच्या बाईच्या गळ्यात ती असे. दुकान उघडताना घालायची ती बंद होताना काढायची. तीन मजल्यांचं दुकान होतं ते. खाली सुती, वर रेशमी, त्याच्यावर कोटाचं कापड, आणि जिन्याच्या वळणाशी लेस, फिती नि बटणांचं तिचं काउंटर. खळीचा वास नाकात बसलेला असे, घरी गेल्यावर भातालाही तोच वास येई. खालून कापडाचा तागा उलगडल्याचा थडथड आवाज येई, आणि मग कापड फाडल्याचा लांब, सरळ आवाज. तिथे पहिल्याच दिवशी थोरल्या बाईंनी, म्हणजे त्या मजल्यावरच्या मुख्य विक्रेतीने, तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. "काउंटरवर एका वेळी तीनच नग काढायचे. चौथा मागितला, तर आधी एक आत. आणि कोणी हात मारताना दिसलं तर बोंब मारायची नाही. गळ्यातली टेप काढायची, घडी घालायची, काउंटरवर ठेवायची. बाकीचं आम्ही बघू." बाकीचं म्हणजे काय ते तिने नंतर दोन-तीनदा पाहिलं. घडी पडली की समोरच्या काउंटरवरची बाई जिन्याकडे जाई, दरवाज्यावरचा म्हातारा एक झडप लावून घेई, आणि मालकांचा मेहुणा पान उलटावं तितक्या सहज येऊन म्हणे, "जरा आत येता का?" एक शब्द मोठ्याने नाही. इतर गिऱ्हाइकांना पत्ताही लागत नसे. त्या पद्धतीचा सगळ्यांना कोण अभिमान होता.

सांगावं का? कोणाला सांगायचं? इथे काउंटरच नव्हते. फळ्याच फळ्या, आणि माणसं आपलं आपण घेत फिरत होती. तिला अजून त्याची सवय झाली नव्हती. तिचा भाऊ म्हणायचा, "एवढी मोठी दुकानं, त्यांचं काय वाकडं होतंय एका साबणाने." ती त्याच्यावर चिडायची. दुकानाचं काही जात नाही, हे बाहेरच्याचं बोलणं. आतल्या माणसाला गेलेली वस्तू दिसत राहते. तरीही पाय हलत नव्हते. हात नक्की होता का? बाही शेवाळी होती की राखाडी? ट्यूब उचलून परत ठेवली असेल, फटीतून अर्धंच दिसलं असेल. तिने ट्रॉली वळवली आणि रांगेच्या टोकाला वळसा घालून पलीकडे गेली. तिथे कोणी नव्हतं. क्रीमच्या ट्यूबा ओळीने उभ्या होत्या, सैन्यासारख्या, आणि पहिल्या ओळीत एक खाच होती. पडलेल्या दाताची असते तशी. ती त्या खाचेकडे बघत राहिली. मग तिच्या हाताने मागची ट्यूब पुढे ओढली, तोंड सरळ केलं, ओळ पुरी केली. करून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण काय केलं. अठ्ठावीस वर्षं रोज संध्याकाळी तिने फळीवरच्या खाचा अशाच भरल्या होत्या. आता तिथे काहीच गेलेलं नव्हतं. ओळ अशी पुरी दिसत होती, की तिला स्वतःलाही शपथेवर सांगता आलं नसतं.

घरात तिच्या नजरेचा दबदबा होता. दुकानातल्या मैत्रिणींनी तिला 'घार' नाव ठेवलं होतं, आणि लग्न होऊन आलेल्या सुनेला मुलाने पहिल्या आठवड्यात तेच सांगितलं होतं. "आमच्या आईसमोर काही लपवायचं नाही हं. घार आहे ती." सून हसली होती. पुढे तीच कौतुकाने शेजारणींना सांगू लागली, "आईंनी पाहिलं म्हणजे पाहिलं." मुलाचे वडील गेले, गुडघे गेले, दुकान पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली, दाढा गेल्या. नजर तेवढी राहिली. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरही म्हणाले होते, "आजी, आता तर काही खैर नाही घरच्यांची." सगळ्या वॉर्डाने दाद दिली होती. म्हातारपणी माणसाला कशाने तरी घरात जागा लागते. कोणाची गोष्टी सांगून असते, कोणाची लोणच्याच्या बरण्यांनी. तिची नजरेने होती. आणि ही नजर कुठून आली, ते तिला एकटीला माहीत होतं.

तो दिवस उकाड्याचा होता. मुलाच्या वेळचा सातवा महिना चालू होता. पाय सुजलेले, पाठीला रग, आणि मानेवरच्या घामाने ती टेप नुसती काचत होती. काउंटरसमोर चित्रकलेच्या बाई होत्या. कुठल्याशा मुलींच्या शाळेत शिकवायच्या, महिन्या-दोन महिन्यांनी येऊन काहीतरी बारीकसं न्यायच्या. बोटांना नेहमी रंग लागलेला असे. त्यांना पांढरी बटणं हवी होती, सहा. त्या वाकून बटणं निवडत होत्या आणि हिने मान मोकळी करावी म्हणून टेप काढली, सवयीने घडी घातली आणि ठेवली. काउंटरवर. तिला कळलंही नाही. तिने डोळे मिटून एक श्वास घेतला असेल, दोन घेतले असतील. डोळे उघडले तर समोरच्या काउंटरवरची बाई जिन्याकडे निघाली होती, खाली झडपेचा आवाज झाला होता आणि मालकांचा मेहुणा चित्रकलेच्या बाईंशी वाकून बोलत होता. "जरा आत येता का?" बाई म्हणाल्या, "कशाला?" अगदी साधेपणाने, नवीन माल दाखवायला नेतात असं वाटल्यासारखं.

तेव्हाच तोंड उघडायचं. "अहो, उकडत होतं म्हणून काढली," एवढं एकच वाक्य. किती छोटं वाक्य होतं ते! पण त्याच आठवड्यात मेहुण्याने थोरल्या बाईंना विचारलं होतं, की ही अशी अवघडलेली बाई किती दिवस उभी राहणार आहे. नवरा घरी बसला होता. घडी चुकून पडली असं म्हणणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. मागच्या खोलीच्या दारात थोरल्या बाईंनी तिचं मनगट धरलं. "पाहिलंस ना?" "हो." "काय?" "लेस." "कुठली?" "पांढरी. बारीक. शिंपल्याच्या नक्षीची." शब्द एकामागून एक आले, कोणी तरी कानात सांगत असल्यासारखे. आत गाठोड्यांच्या मधोमध चित्रकलेच्या बाईंनी पर्स उलटी केली, मग चपला काढल्या, मग थोरल्या बाईंनी सांगितलं तसं आणखी काय काय काढलं. काही निघालं नाही. "टाकली असेल वाटेत," मेहुणा दाराबाहेरून म्हणाला. बाईंनी एकेक बटण लावत सगळं परत अंगावर चढवलं. घाई केली नाही. बाहेर आल्यावर त्या काउंटरशी थांबल्या आणि तिला म्हणाल्या, "तुम्ही मला पाहिलंत?" तुम्ही म्हणाल्या. वयाने दहा वर्षांनी मोठ्या होत्या. तिने मान हलवली. होकाराची.

नंतर चहाच्या वेळी सगळ्यांनी तिला घेरलं. सांग ना, सांग ना. तिने सांगितलं. डावा हात होता. कितीतरी वेळ लेसशी चाळा करत होती. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्यांना सांगताना अंगठ्यावरचा निळा रंग आला. महिन्याभरात लेस मुठीत चुरगळल्याचा आवाज आला. सुरुवातीला ती रात्री स्वतःशी म्हणायची, नव्हतं, काही नव्हतं, डोळे मिटलेले होते माझे. मग ते म्हणणं कमी झालं. मूल झालं, दात आले, शाळेत गेलं. एकदा मुलाची शाळेची वही चाळताना निळ्या रंगाचा डाग दिसला आणि तिच्यासमोर तो हात आला. लेस उचलताना, लख्ख. अंगठ्याचं नख, मनगटावरचा तीळ, सगळं होतं. खोटं तिने रचलेलं होतं, हे तिला पाठ होतं. पण दिसत मात्र खरं होतं. आईचा चेहरा आठवायला आता तिला फोटो लागतो. तो हात बिनबोभाट येतो. दात घासताना येतो, बसमध्ये येतो. आणि त्यामुळे, त्यानंतर आयुष्यात जे जे तिने पाहिलं, त्याला आतून एक बारीक उसवण होती. ती कोणाला दिसली नाही. घारीच्या नजरेला बोट कोण लावणार?

दाराशी कर्कश आवाज झाला. ती दचकली. दाराच्या चौकटीतलं यंत्र ओरडत होतं आणि रखवालदाराने एका बाईला थांबवलं होतं. पन्नाशीची असेल. शेवाळी जाकीट. सून साबणाचा निकाल लावून नेमकी तिथेच पोचली होती, आणि असं काही चालू असताना तिथून हलेल तर ती सून कसली. "आई, या इकडे. काहीतरी झालंय." तिथे निळ्या कोटातली व्यवस्थापक मुलगी आली होती, हातात एक ट्यूब. "ही तुमच्या बाहीत कशी, ताई?" "बाहीत नव्हती, खिशात होती. काल घेतली. दुसऱ्या दुकानातून." "पावती?" "ट्यूबची पावती कोण जपून ठेवतं? तुम्ही ठेवता?" बाईचा आवाज चढत होता, पण टोकाशी थरथरत होता. रखवालदार म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या दुकानाने मालाला चिकटवलेली चकतीपण या यंत्रात वाजते कधी कधी. परवाच नाही का." व्यवस्थापक मुलीने त्याच्याकडे रागाने पाहिलं. "तू गप रे." मग म्हणाली, "त्या कोपऱ्यात कॅमेरा पोचत नाही. नाहीतर आत्ता दाखवलं असतं." तेवढ्यात फळ्या लावणारी एक बाई पुढे आली. "या आजी होत्या तिथे. पलीकडच्या रांगेत. बराच वेळ."

सगळे तिच्याकडे वळले. "अहो मग प्रश्नच मिटला," सून म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं काउंटरवर काढलीत आमच्या आईंनी. आईंनी पाहिलं म्हणजे पाहिलं." आणि तिने सासूच्या कोपराला मायेने हात लावला. व्यवस्थापक मुलगी मऊ झाली. "आजी, तुम्ही पाहिलंत का? घाबरू नका. हो की नाही, एवढंच सांगा."

शेवाळी जाकिटातली बाई तिच्याकडे बघत होती. विनवणी नव्हती त्या बघण्यात. एखादा दिवा लागतो की जातो हे बघावं, तसं बघत होती. तिने त्या बाईच्या हाताकडे पाहिलं. तोच हात? फटीतून आलेला? तिने डोळे मिटले, आणि फटीतला हात परत आला, ट्यूब उचलली, तोलली. आणि अंगठ्यावर निळा रंग होता. तिने डोळे उघडले. हो म्हणणं सोपं होतं. कदाचित खरंही होतं. नाही म्हणणंही सोपं होतं, आणि ते दयाळू दिसलं असतं. पण तेही पुन्हा न पाहिलेलंच सांगणं झालं असतं.

"मला पाहिल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका."

"म्हणजे?" व्यवस्थापक मुलगी म्हणाली. "हो की नाही, आजी?"

"मी एकदा खोटं सांगितलंय. अशीच एक बाई होती. मी काही पाहिलं नव्हतं आणि पाहिलं म्हणून सांगितलं. कपडे उतरवले त्यांचे, सगळे. माझ्यामुळे. मला उकडत होतं हो, म्हणून टेप काढली होती मी…" ते वाक्य सत्तेचाळीस वर्षांनी बाहेर पडलं आणि इथे कोणाला त्याचा अर्थ लागणार नव्हता. "तेव्हापासून मला न झालेलं दिसतं. खऱ्यासारखं दिसतं. आज दिसलं ते कुठलं, मला सांगता येत नाही."

सुनेचा हात तिच्या कोपरावरून निघाला होता. कधी निघाला ते तिला कळलं नाही. रखवालदार बुटांकडे बघत होता. व्यवस्थापक मुलीने सुस्कारा टाकला, म्हातारी माणसं मधे आली की टाकतात तसा. "ट्यूब इथे राहील," ती बाईला म्हणाली. "तुम्ही जा. पावती सापडली तर घेऊन या." बाईने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. दाराशी जाऊन ती थांबली, परत दोन पावलं आली.

"त्या बाईंचं काय झालं पुढे?"

हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "मी त्यांना एकदाच पाहिलं परत," ती म्हणाली, आणि 'पाहिलं' म्हणताना अडखळली. "पाच-सहा वर्षांनी. भाजीवाल्यापाशी उभ्या होत्या. दोन्ही हात पाठीमागे बांधून. हे द्या, ते द्या, असं तोंडाने सांगत होत्या. भाजीवाल्यानेच त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत भाजी घातली, त्यातल्याच पाकिटातून पैसेही त्यालाच घ्यायला लावले. तो थट्टा करत होता, काय बाई, हात घरी विसरलात का. त्या हसल्या. पण हात काढले नाहीत."

आभार नाहीत, राग नाही. बाई गेली. काचेचं दार तिच्यामागे आपोआप मिटलं.

बस-थांब्यावर दोघीच होत्या. सुनेने पिशव्या बाकावर ठेवल्या, परत उचलल्या, परत ठेवल्या. तिला वाटलं, आता ही विचारील, की आई, हे आम्हाला कधी का नाही सांगितलंत. मुलाला सांगेल संध्याकाळी. मुलगा टीव्हीचा आवाज वाढवील. आणि उद्यापासून चष्मा कुठे ठेवला, गॅस बंद केला का, हे तिला कोणी विचारणार नाही. विचारलं तर मागून जाऊन स्वतः बघून येतील. सून रस्त्याकडे बघत म्हणाली, "आई, आपल्याकडे काम करायची ती ताई. नऊ वर्षांपूर्वीची."

"माझी अंगठी गेली म्हणून काढून टाकली ती."

"हो."

"तिने खिडकीतून उचलली. मी पाहिलं होतं." ती पटकन म्हणाली. म्हणाली आणि थांबली.

"अंगठी मला सापडली होती, आई." सून अजून रस्त्याकडेच बघत होती. "दोन महिन्यांनी. तुमच्या तपकिरी कोटाच्या अस्तरात. खिसा फाटलेला होता ना, त्यातून आत गेली होती. तुम्ही इतकं नेमकं सांगितलं होतं सगळ्यांना. कुठल्या हाताने, किती वाजता. मला तुमचा शब्द खाली पाडायचा नव्हता. मी ती माझ्या कपाटात ठेवून दिली. आणि आपलं म्हणत राहिले, आईंनी पाहिलं म्हणजे पाहिलं." तिने पिशवीचे बंद सारखे केले. "ज्याला त्याला सांगत राहिले. मलाच ऐकायचं असेल."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. तिला सुनेवर चिडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं, आणि दोन्ही जमलं नाही. तिने सुनेकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत प्रथमच तिला दिसलं, की हिच्या केसांतही आता पांढरं आलंय, आणि आपल्याला ते कधी दिसलं नव्हतं.

"तिचं घर ठाऊक आहे तुला?"

"त्या नदीपलीकडच्या वस्तीत राहायची. अजून असेल तर."

"चल."

"आत्ता? अहो, दूध आहे पिशवीत. आणि काय सांगणार तिला?"

"ते तिथे गेल्यावर बघू. अंगठी आधी घरून घे."

त्यांची बस आली. सुनेने पिशव्या उचलल्या, तिला हाताला धरून चढवलं, खिडकीजवळ बसवलं. बस सुरू झाली. अंगठी अस्तरात होती, ती स्वतःला सांगत होती; तपकिरी कोट, फाटका खिसा, अस्तर. खिडकीला कपाळ टेकून ती हे परत परत म्हणत राहिली, मुलांना पाढा घोकायला लावावा तसं. आणि तरीही, काचेत, त्या ताईचा ओला हात खिडकीपाशी येत होता, साबणाचा फेस मनगटापर्यंत होता, आणि दोन बोटांनी अलगद अंगठी उचलत होता.